सात क्रमांकाचा दुसरा अभिप्राय

आश्विनातले ऊन पुस्तकांना मानवते. वैशाखाच्या उन्हात बांधणीची खळ सुटते आणि माघाच्या उन्हाने कसर मरत नाही. म्हणून पाऊस उघडला की चार दिवस, सकाळी दहा ते दुपारी तीन, गच्चीवर बाज टाकायची, तिच्यावर जुने धोतर अंथरायचे, पुस्तके उघडून ठेवायची आणि दर तासाने पाने उलटायची, असा क्षिप्रेकाठच्या या शहरात, माधवनगरात राहायला आल्यापासून माझा नेम आहे. माझी स्वतःची पुस्तके एकशे सहा. यंदा मोजली तर एकशे सात भरली.

जास्तीचे एक आमच्या वाचन मंडळाचे होते. पाठीवर चिकटवलेल्या पांढऱ्या चिठ्ठीवर ४१२ असा आकडा. मंडळात पुस्तके नावाने कमी आणि आकड्याने जास्त ओळखली जात, त्यामुळे मीही त्याला चारशे बाराच म्हणतो. ते परत करायला हवे होते, पण आठ वर्षे माझ्याकडेच राहून गेले, आणि आता परत घ्यायला मंडळ उरणार नाही. या महिन्याच्या अखेरीस मध्यभारत राज्य संपते आहे. आम्ही मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि मंडळाच्या चौदा घरांपैकी नऊ घरांत तबादल्याचे, म्हणजे बदलीचे, हुकूम आले आहेत. मी पैमाईश दफ्तरात आहे. जमिनींच्या मोजणीचे नकाशे आणि नंबर जिकडे, तिकडे मी. माझी बायको मालती माझ्याबरोबर येणार की नाही, हे मात्र मला गेल्या शुक्रवारपर्यंत ठाऊक नव्हते.

खरे म्हणजे ते आठ वर्षांपूर्वी याच उन्हात ठरून गेले होते. मला समजायला वेळ लागला.

ते वर्षही असेच होते. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता. दफ्तरातले शिक्के बदलले, कागदांचे मथळे बदलले, शिपायांच्या पट्ट्यावरचे पितळी बिल्ले गेले. संस्थानी छापील फॉर्मांचे गठ्ठे एका रात्रीत रद्दी झाले. त्यांची मागची बाजू कोरी, कागद जाड आणि गुळगुळीत. फ्रीगंजमध्ये राहणारे मोघे वकील आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी त्यांच्याकडे पडून असलेला एक गठ्ठा मंडळाला दिला. "राज्य गेलं, कागद उरला," ते म्हणाले. "घ्या, चिटणीस. तुमच्या अभिप्रायांना होईल."

चिटणीस मी होतो. मंडळाची रीत अशी: एक पुस्तक एका घरी आठ दिवस राहायचे, मग पुढच्या क्रमांकाच्या घरी जायचे. पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद डकवलेला असे. त्यावर प्रत्येक घराने आपला अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचे नाही, फक्त घराचा क्रमांक घालायचा. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी मोघ्यांच्या पुढच्या खोलीत बैठक भरे. एकमेकांना सोने द्यायचे, आपट्याच्या पानांचे, आणि मग मी वर्षभरातल्या एखाद्या गाजलेल्या पुस्तकाचे अभिप्राय मोठ्याने वाचायचे. किती अनुकूल, किती प्रतिकूल, किती तटस्थ, ते फळ्यावर मांडायचे. एक घर, एक अभिप्राय हा नियम माझाच. त्याशिवाय बेरीज जुळली नसती.

अक्षरे सर्वांची सर्वांना ठाऊक होती, तेव्हा नावे लपत नव्हतीच. पण क्रमांक घातला की माणूस जरा मोकळेपणाने लिहितो, असा अनुभव आहे.

चारशे बारा ही कादंबरी. पृष्ठे तीनशे अठरा. एका न्यायाधीशाची बायको त्याच्या मित्रावर प्रेम करू लागते आणि तिसऱ्याच प्रकरणात नवऱ्याला स्वतःच सांगते. पुढे फारसे काही घडत नाही. तिघेजण ओसरीवर बसून बोलत राहतात: निष्ठा शरीराची की मनाची, दिलेला शब्द मोठा की देणारा माणूस, ज्याने फसवले नाही त्यानेच जास्त फसवले असे होऊ शकते का. दोनशे अकराव्या पानावर न्यायाधीश कचेरीत जायला निघतो, एक बूट घालतो, दुसरा हातात तसाच धरून पायरीवर बसतो आणि रडतो. बायको दारातून पाहते. शेवटी ती स्टेशनवर जाते आणि पुस्तक संपते.

या पुस्तकाने त्या वर्षी आषाढापासून आश्विनापर्यंत आमच्या चौदा घरांत जे केले ते पहिल्या निवडणुकीलाही पुढे जमले नाही. भाजी घ्यायला गेले तरी तोच विषय. रेल्वेच्या मालधक्क्यावर असणारे भालेराव मला घड्याळाच्या टॉवरपाशी अडवून म्हणाले, "चिटणीस, ती बाई जाते कशाला? घरी पाणी आहे, नोकर आहे, नवरा ओरडत नाही!" मी म्हटले, अभिप्रायात लिहा. ते म्हणाले, "लिहितो ना. पण आधी सांगा, तुम्हाला काय वाटलं?" मी सांगितले नाही. बैठकीआधी बोलणे नियमात बसत नव्हते.

घराबाहेर हे चालले होते तेव्हा घरात काय चालले होते, ते मी यंदा गच्चीवर बसून पुष्कळ आठवून पाहिले. पुस्तक आमच्याकडे आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत दोनदा डाळ लागली. एकदा दुपारी मी लवकर घरी आलो, तर मालती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती, केस ओले, पाठ उन्हाकडे, मांडीवर पालथे पुस्तक. मला पाहून उठली. मी विचारले, "पुष्पा कुठं आहे?" पुष्पा आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. मालती म्हणाली, "खेळतेय." मग म्हणाली, "तुमची वाचून झाली?" मी म्हटले, "झाली. अभिप्रायही लिहिला." ती म्हणाली, "वाचला मी." एवढेच. ओल्या केसांचा शिकेकाईचा वास, अंगणातला तापलेला दगड, पलीकडे चौबेजींच्या घरी उन्हात घातलेल्या वड्यांवर घोंगावणाऱ्या माश्या. त्या दिवसाचे सगळे माझ्यापाशी आहे. तिला त्या वेळी काय विचारायला हवे होते तेवढे त्यात नाही.

माझा अभिप्राय असा होता: "पृष्ठे ३१८. छपाईचे दोष २७ (यादी सोबत). भाषा शुद्ध. संवाद लांब. पृ. २११ वरील न्यायाधीशाचे रडणे त्याच्या पदास व स्वभावास धरून वाटत नाही. प्रतिकूल. क्र. ७."

सगळी घरे फिरून पुस्तक आदल्या दिवशी आमच्याकडे परत आले होते. बैठकीच्या सकाळी मी कागद तपासायला घेतला. मंडळाची घरे चौदा. तीन क्रमांकाचे कुटुंब त्या वर्षी गावाला गेलेले. म्हणजे अभिप्राय तेरा हवेत. मोजले तर चौदा. पुन्हा मोजले. सात क्रमांक दोनदा आला होता. दुसरा सात अगदी तळाशी, समासात दाटून लिहिलेला, जांभळ्या पेन्सिलीने. धोब्याच्या यादीची ती पेन्सिल आमच्या घरी खुंटीला सुतळीने बांधलेली असे.

"त्या बाईने दुसऱ्यावर प्रेम केले याचे मला काही वाटले नाही. तिच्या नवऱ्याला दुःख झाले, याचा मला हेवा वाटला. क्र. ७."

मी हे वाचले. अक्षर कोणाचे ते ओळखले. ओळखले नव्हते असे आता लिहिले तर ते खोटे होईल. पण मला त्या वेळी त्यात वाक्य दिसलेच नाही. बेरीज चुकवणारी एक नोंद दिसली, आणि तीही माझ्याच घरची. मला लाज वाटली ती नियम मोडल्याची. लाल शाईचा टाक घेतला, पट्टी ठेवली, सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिले, "नियमबाह्य, रद्द."

मोघ्यांच्या खोलीत त्या दुपारी पंचवीस-तीस माणसे होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे अजून काढलेले नव्हते, पण पाणी मारणे बंद झाले होते, त्यामुळे कोरड्या गवताचा वास. आतल्या दारापाशी बायका. मालती ताटल्यांत चिवडा भरून पुढे देत होती. मी क्रमाने वाचत गेलो. एक क्रमांक स्वतः मोघे: "नायिकेने वेळीच वकील केला असता तर हे प्रकरण चाळीस पानांत निकाली निघाले असते." हशा. चार क्रमांक दिघेबाई, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, आणि चौदा घरांत स्वतःच्या हाताने अभिप्राय लिहिणारी एकच बाई: "लेखकाला बाईविषयीचे विचार पुष्कळ माहीत आहेत. बाई माहीत नाही." नऊ क्रमांक भालेराव: "तत्त्वज्ञानाचे डबे ज्यादा, गाडी हलत नाही. अखेर स्टेशन आले तेव्हा बरे वाटले." बारा क्रमांक: "हे पुस्तक घरात ठेवण्यासारखे नाही." त्यावर दिघेबाई म्हणाल्या, "बारा क्रमांकानं ते आठाच्या जागी अठरा दिवस ठेवलं होतं, हेही फळ्यावर लिहा, चिटणीस." पुन्हा हशा.

मग मी वाचले, "सात क्रमांकाचे दोन अभिप्राय आले आहेत. पहिला ग्राह्य. दुसरा नियमबाह्य म्हणून रद्द करण्यात आला आहे."

मग मोघ्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! चिटणीस असावा तर असा. घरच्यांनाही माफी नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. मला त्या कौतुकाने बरे वाटले होते. हेही लिहिलेच पाहिजे.

भालेराव म्हणाले, "अहो, रद्द तर रद्द, पण वाचून दाखवा की! वहिनींनी काय लिहिलंय, कळू तर दे."

"रद्द अभिप्राय वाचता येत नाही," मी म्हणालो.

दाराकडे पाहिले तेव्हा मालतीच्या हातात ताटली होती. ती तिने पुढच्या माणसाला दिली, दुसरी घेतली, तीत चिवडा भरला. हात थांबला नाही. फळ्यावर आकडे पडले: प्रतिकूल आठ, अनुकूल तीन, तटस्थ दोन. एकूण तेरा. जुळले.

माणसे उठल्यावर दिघेबाईंनी पुस्तक उचलले, शेवटचा कागद उघडला, उभ्या उभ्या वाचले. मग माझ्याकडे आल्या.

"तुम्ही हे वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"एक घर, एक अभिप्राय, बाई. नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात ठेवले. "घरी न्या हे," म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडे जाऊ देऊ नका." म्हणून ते आठ वर्षे माझ्याकडे राहिले. मला वाटले होते, छपाईचे दोष फार आहेत म्हणून त्या तसे म्हणाल्या.

वाचणाऱ्याच्या मनात येईल की मालतीच्या मनात तेव्हा दुसरे कोणी होते काय. माझ्याही मनात आले, पण यंदा. आठ वर्षे उशिरा. मी एकेका माणसाची आठवण काढून पाहिली, दूधवाल्यापासून कर्णिक डॉक्टरांपर्यंत. कोणी नव्हते. कोणी असते तर मला निदान कोणावर तरी रागावता आले असते. आमच्या घरात कोणी कोणाला फसवले नाही. ती कादंबरीतली माणसे ओसरीवर बसून ज्या प्रश्नाचा कीस काढत होती, त्याला आमच्या घरी जागाच नव्हती. ती सातारची. लग्न होऊन आली तेव्हा गाडीतून उतरता उतरता तिने मला विचारले होते, "इथली नदी मोठी आहे?" मी म्हणालो होतो, "पावसाळ्यात." तेव्हा ती हसली होती. क्षिप्रेच्या घाटावर पहिल्या उन्हाळ्यात गुडघाभर पाणी पाहून पुन्हा हसली आणि म्हणाली, "खरं बोललात तुम्ही." त्या वेळी माझे खरे बोलणे तिला आवडत असे.

त्या बैठकीनंतर ती रागावली नाही, रुसली नाही. स्वयंपाकात फरक पडला नाही. मंडळाचे पुढचे पुस्तक चारशे तेरा आले, ते आठ दिवस कपाटावर राहिले आणि तसेच पुढे गेले. त्यानंतर तिने एकही उघडले नाही. बोलणे राहिले ते कामाचे: डबा, पुष्पाची शाळा, पाणी आले, पाणी गेले. मला ते सोयीचे वाटले. संसार मुरला की असे होत असेल, असे मी समजत होतो. एखाद्या शेताची हद्द दरवर्षी बोटभर सरकते आणि आठ वर्षांनी पैमाईश करायला गेले की सगळेच चकित होतात. दफ्तरात मी हे अनेकदा पाहिले होते.

तबादल्याचा हुकूम आला त्या गुरुवारी मी घरी आलो. मालती तांदूळ निवडत होती. मी सांगितले. भोपाळला दोन खोल्या मिळतील, पहिले काही महिने तंबूतही राहावे लागेल असे म्हणतात, सामान किती मण नेता येते, सगळे सांगितले.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आम्ही इथंच राहतो. पुष्पाचं मॅट्रिक आहे."

"मॅट्रिक मार्चात होईल."

"मग बघू."

"मग काय बघायचं?"

ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग मान वर करून तिने सरळ माझ्याकडे पाहिले. असे तिने पाहिले याला किती दिवस झाले होते, ते मला सांगता येणार नाही.

"तुम्हाला वाईट वाटेल का?" तिने विचारले.

आता कोणाही शहाण्या माणसाने उत्तर दिले असते. मला वाटले, एवढा महत्त्वाचा प्रश्न आहे, चुकीचे काही बोलून चालणार नाही. कोणत्या गोष्टीचे किती वाईट वाटेल, सवयीचा भाग त्यात किती, हे मनाशी पाहिल्याशिवाय हो म्हणणे मला बरोबर वाटले नाही. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

ती हसली. फार लहान हसली, नाकातल्या नाकात. "बरं," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

यंदा पुस्तकांना मी चारऐवजी आठ दिवस ऊन दाखवले ते यासाठी. दफ्तरात आता काम नाही; गठ्ठे बांधून तयार आहेत, मध्यभारताचे फॉर्म आता रद्दी झाले आहेत. रजा टाकून मी रोज दहाला वर जात होतो आणि चारशे बारा वाचत होतो, पहिल्या पानापासून, या वेळी पेन्सिल न घेता. चौबेजींच्या घरून वहिनी ओरडत, "भाईसाब, क्वार की धूप है, हिरन काला पड़ जाए! नीचे आ जाओ!" आश्विनाला त्या क्वार म्हणत. मी हात हलवून वाचत राहत असे. दोनशे अकराव्या पानावर पुस्तक आपोआप उघडते. पाठीला तिथे घडी पडली आहे. ती माझ्या वाचनाने पडलेली नाही. एक बूट घातलेला, एक हातात. या वेळी मला ते त्याच्या स्वभावाला सोडून वाटले नाही. मी बाजेवर बसलो होतो, धोतराचा सोगा हातात घट्ट धरलेला होता, आणि किती वेळ तसा होतो ते कळले नाही. त्या तासाला पाने उलटायची राहून गेली.

शेवटचा कागद उन्हासमोर धरला तर मागच्या बाजूचा संस्थानी शिक्का उलटा दिसतो, नेमका तिच्या ओळीवर. जांभळी अक्षरे फिकी झाली आहेत. लाल रेघ अजून ठसठशीत आहे. शाई मी चांगली वापरत असे.

रद्द केलेले परत घ्यावे, असे मनात आले. तसे लिहायला कागदावर जागा शोधली. चौदा जणांनी चारी समास भरून टाकले आहेत.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तीन वाजता पुस्तके टोपलीत भरून मी खाली उतरलो. उत्तर तयार होते. मालती माजघरात बसून वळकटी बांधत होती. आत गादी, दोन उशा, घोंगडी, वरून भैरवगडच्या लाल छापाची चादर, प्रवासात मळू नये म्हणून उलटी घातलेली. गुडघा रोवून ती दोरी आवळत होती.

"मी विचार केला," मी म्हणालो.

"कशाचा?"

"तू विचारलं होतंस त्याचा. त्या गुरुवारी."

"हां, ते." दोरीचे टोक तिने दातात धरून ओढले, गाठ मारली, आणि मग माझ्याकडे पाहिले. "मग?"

"वाईट वाटेल," मी म्हणालो. "फार वाईट वाटेल."

बाहेर वड्या गोळा करणाऱ्या चौबे वहिनींच्या बांगड्या वाजत होत्या. मालतीचा चेहरा मऊ झाला असे मला वाटले. खात्रीने सांगत नाही.

"नऊ दिवस लागले तुम्हाला," ती म्हणाली.

"आठ," मी म्हणालो.

गुरुवार ते पुढल्या आठवड्याचा शुक्रवार, आठच दिवस होतात. तरी मी ते का बोललो, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारतो आहे.

तिने मान हलवली, जशी पुष्पाच्या गणितात हातचा विसरला की हलवते, आणि दुसरी गाठ मारली. मग वळकटी उभी करून, सैल नाही ना ते दोन्ही हातांनी दाबून पाहिले, आणि दारापाशी नेऊन ठेवली. उशा दोन्ही माझ्याच होत्या. मला दोन लागतात. वळकटी एकच होती.